जग शांत होईपर्यंत जपान थांबवायचा का?

प्रश्न : "मी मिरजेजवळच्या एका अनुदानित शाळेत शिक्षिका होते, या मे महिन्यात निवृत्त झाले. पेन्शन जुन्या पद्धतीची आहे, उपदानाचे (ग्रॅच्युइटीचे) पैसे अजून यायचेत. यजमानांचं हार्डवेअरचं दुकान आहे. २०१९पासून माझी दरमहा १२ हजारांची एसआयपी चालू आहे (लॉकडाउनमध्ये बंद करायची होती, पण बाहेर पडता आलं नाही आणि राहून गेलं). त्यात आज १४ लाख दिसतात. त्यातले ५ लाख घराच्या स्लॅबला लागतील, ते काम २०२७च्या पावसाळ्याआधी करायचंय. शिवाय १८ लाखांच्या ठेवी आहेत. ११ लाख गावातल्या पतसंस्थेत, कारण तिथे व्याज जास्त. ७ लाख बँकेत. आम्हा दोघांना एकदा जपानला जायचंय, चेरी फुलते तेव्हा. टूरवाले दोघांचे साडेसहा लाख सांगतात. बँकेतली एफडी जानेवारीत सुटते, ती त्यासाठीच ठेवली होती. पण टीव्ही लावला की युद्ध, टॅरिफ, रुपया गडगडला. हे म्हणतात, जग जरा शांत होऊ दे, तोवर पैसे एफडीत टाकू. जावई म्हणतात, एसआयपी मोडा आणि सोनं घ्या. रात्री झोप लागत नाही. काय करू? आणि गेलोच, तर यांच्या शाकाहारी जेवणाचं कसं होईल?"
– सांगली जिल्ह्यातील एक वाचक

ताई, नमस्कार.

यजमान म्हणतात सहलीचे पैसे एफडीत टाकू. ते एफडीतच आहेत! म्हणजे त्यांना पैशाची काळजी कमी आणि निघायची धास्ती जास्त, असं मला वाटतं. त्या धास्तीबद्दल पुढे बोलू, ती अगदीच निराधार नाही.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त कोसळला आणि २५,९८१वर बंद झाला. त्याच आठवड्यात इस्लामपुरातल्या कोरोनाच्या रुग्णांमुळे तुमचा जिल्हा रोज राज्यभरच्या बातम्यांत होता. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला सेन्सेक्स ४७,७५१वर होता. मधल्या महिन्यांत तुमचे १२ हजार मुकाट जात राहिले आणि आज दिसणाऱ्या १४ लाखांत त्या महिन्यांच्या युनिट्सचा वाटा हप्त्यांच्या मानाने मोठा आहे. बाहेर पडता आलं असतं, तर तुम्ही ती बंद करून आला असतात.

यावर कोणीही म्युच्युअल फंडवाला तुम्हाला सांगेल, बघा, बाजार पडला तरी वर येतोच. मी तसं सांगणार नाही. कारण तुम्ही निघालाय त्याच देशात हे वाक्य खोटं पडलंय. २९ डिसेंबर १९८९ला टोकियोचा निक्केई निर्देशांक ३८,९१५वर पोचला. मग उतरायला लागला तो मार्च २००९मध्ये ७,०५४पर्यंत आला. १९८९ची पातळी त्याने ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ला. चौतीस वर्षं! त्या डिसेंबरात एखाद्या जपानी बाईंनी तुमच्या वयाला निवृत्तीचे सगळे पैसे एकदम शेअरमध्ये घातले असते, तर आकडा परत दिसायला त्यांना नव्वदी पार करावी लागली असती. मधले लाभांश धरले आणि थोडे थोडे गुंतवत गेलं असतं, तर इतकी वर्षं लागली नसती हे खरं. पण घराचा स्लॅब काही लाभांशाची वाट बघत थांबत नाही.

आता १९८९ साली टोकियोतल्या वर्तमानपत्रांत काय असेल ते डोळ्यांसमोर आणा. युद्ध नाही. मंदी नाही. सोनीने अमेरिकेतला कोलंबिया पिक्चर्स स्टुडिओ विकत घेतला होता. मित्सुबिशी इस्टेटने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये मोठा हिस्सा घेतला होता. टोकियोतल्या राजवाड्याच्या आवाराची किंमत अख्ख्या कॅलिफोर्नियाच्या जमिनीपेक्षा जास्त आहे, असं लोक गमतीने नव्हे, गांभीर्याने बोलायचे. जगात सगळीकडे जपानचं कौतुक. गुंतवणुकीला त्याच्याइतकी वाईट वेळ जपानी माणसाच्या आयुष्यात दुसरी आली नाही, आणि बातम्या अशा की कोणाचीही झोप उडू नये. उलट मार्च २०२०मध्ये बातम्या इतक्या भयानक होत्या की त्याहून वाईट काय असणार, आणि ती वेळ निघाली उत्तम.

म्हणून टीव्हीवरच्या युद्धाकडे बघून एसआयपी चालू ठेवायची की मोडायची हे ठरवता येत नाही. ठरवता येतं ते एकाच गोष्टीवरून : कोणता पैसा कधी लागणार आहे. तारीख जगाची नाही, तुमची बघायची.

तुमच्या १४ लाखांतल्या ५ लाखांना तारीख आहे. २०२७च्या पावसाळ्याआधी स्लॅब. हे ५ लाख आज शेअरच्या फंडात असणं हीच चूक आहे, मग बाजार वर असो की खाली, जगात शांतता असो की नसो. ते काढा, आणि दोन टप्प्यांत काढा : निम्मे ३१ मार्चच्या आत, निम्मे एप्रिलमध्ये. एका आर्थिक वर्षात शेअर फंडांवरचा दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखापर्यंत करमुक्त असतो, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. दोन वर्षांत विभागलंत, तर बहुधा तुम्हाला यावर काहीच कर भरावा लागणार नाही. काढलेले पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत एक वर्षाच्या एफडीत. त्यावर व्याज किती मिळतंय याचा फार विचार करू नका, गवंड्याला द्यायचे पैसे आहेत ते.

उरलेल्या ९ लाखांना तारीख नाही. तुम्हाला पेन्शन आहे, तिच्यावर महागाई भत्ता वाढत राहणार. हे सुख आता फार थोड्यांच्या वाट्याला येतं. ते ९ लाख आठ-दहा वर्षं हलवायची गरज पडू नये. राहू द्यात.

आणि चालू एसआयपी? ती कमी करा. कारण युद्ध नाही, टॅरिफ नाही. कारण तुमचा पगार थांबला. पगारातून १२ हजार जाणं आणि पेन्शनमधून १२ हजार जाणं यात फरक आहे. पाच-सहा हजारांवर आणा. महिनाअखेरीला ओढाताण व्हायला लागली, तर माणूस नेमक्या चुकीच्या महिन्यात सगळंच मोडून बसतो.

आता मी ज्याबद्दल खरं काळजीत आहे ते. तुम्ही युद्ध, टॅरिफ, रुपया सगळं लिहिलंत, आणि ११ लाख एका पतसंस्थेत आहेत हे मात्र जाता जाता, व्याज जास्त म्हणून. बँकेतल्या ठेवींना, अगदी सहकारी बँकेतल्या सुद्धा, ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं, दर ठेवीदाराला, दर बँकेमागे. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या ठेवींना या विम्याचं छत्र नाही. २०१९च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना हजार रुपये काढता येत होते. हजार! आणि ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची बँक होती. त्या आठवड्यात मुंबईत शाखांबाहेर रांगेत उभ्या असलेल्या कोणाच्याही पैशावर कसलं युद्ध आलेलं नव्हतं.

तुमची पतसंस्था उत्तम चालत असेल. चेअरमन ओळखीचे असतील, लग्नकार्याला येत असतील. तरीही हिशेब बघा : सहलीचे पैसे गेले की तुमच्या घरात अडीअडचणीला असलेला जवळजवळ सगळा पैसा त्या एकाच दारामागे राहतो. मुदत संपेल तशा त्या ठेवी काढा आणि निदान तीन वेगवेगळ्या बँकांत ठेवा, प्रत्येकीत व्याजासकट ५ लाखांच्या आत. व्याज दीड-दोन टक्क्यांनी कमी मिळेल. मिळू दे. उपदानाचे पैसे येतील तेव्हा चेअरमन घरी पेढे घेऊन येतील, तेव्हा पेढे घ्या आणि ठेवीचं नंतर बघू म्हणा. हे काम सहलीच्या आधी सुरू करा.

सोन्याबद्दल जावईबापूंना थोडक्यात. सोनं वाढलंय म्हणून ते सुचतंय. एप्रिल २०२५मध्ये तोळा लाखावर गेल्यापासून प्रत्येक घरात एक जावई हेच म्हणतोय. २०११च्या सप्टेंबरातही असंच वातावरण होतं, तेव्हा एक औंस १,९०० डॉलरला होतं. डिसेंबर २०१५मध्ये ते साधारण १,०५०वर आलं होतं. घरात सोनं असावं, तुमच्याकडे ते असणारच. पण चढत्या भावाला, वर तीन टक्के जीएसटी आणि दागिना असेल तर घडणावळ देऊन, चालू एसआयपी मोडून सोनं घेणं म्हणजे झालेली भीती रोख मोजून विकत घेणं. फारच वाटत असेल तर एसआयपीतून कमी केलेल्या पैशातले दरमहा हजार-दोन हजार गोल्ड ईटीएफमध्ये, म्हणजे सोन्याच्या भावाबरोबर चालणाऱ्या फंडात, जाऊ द्यात. जावयाचा मान राहील.

यजमानांच्या धास्तीकडे येते. मला त्यांचं म्हणणं तुमच्यापेक्षा जास्त पटतं, फक्त ते चुकीच्या जागी लागू करतायत. हार्डवेअरच्या दुकानात जग रोज येतं. पीव्हीसी पाइपचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात बाहेरून येतो, रंग आणि थिनर कच्च्या तेलातून निघतात. तेल भडकलं की कंपनीची नवी दरपत्रकं येतात, उतरलं की गोदामात महाग घेतलेला माल पडून राहतो. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा दुकानात काय झालं हे त्यांना विचारा, ते तारखेनिशी सांगतील. तेव्हा जगातल्या घडामोडींचा तुमच्या घरावर परिणाम होतोच, पण तो दुकानाच्या वाटेने. म्हणून दुकानाचं खेळतं भांडवल वेगळं आणि भक्कम हवं, उधारी आवरती हवी. तुम्ही दोघं एप्रिलमध्ये क्योटोत असलात काय आणि मिरजेत असलात काय, पाइपचा भाव तोच राहणार.

जग शांत होऊ दे, हे मात्र मला त्यांच्याकडून तारखेनिशी ऐकायला आवडेल. १९९०च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतला, एअर इंडियाने अम्मानहून सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परत आणले, आणि पुढच्या जुलैत देशाला ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं. तुम्ही तेव्हा नोकरीला लागण्याच्या वयाच्या असाल. त्यानंतर कोणतं वर्ष शांत होतं? मला आठवत नाही.

बातमी ज्या गावाची असते, त्या गावात ती कशी दिसते, हे मी एकदा जवळून पाहिलंय. २०२३च्या सुरुवातीला मी श्रीलंकेत गेले होते. त्याआधीच्या वर्षी तिथे दिवसाचे तेरा-तेरा तास वीज जात होती, सरकारने परकीय कर्ज फेडता येणार नाही असं जाहीर केलं होतं, दोन-तीन महिन्यांत डॉलर २००वरून ३६० श्रीलंकन रुपयांवर गेला होता. मलाही सगळे म्हणत होते, जरा शांत होऊ दे. कँडीत ज्यांच्या घरी उतरले त्या बाई निवृत्त गणित शिक्षिका होत्या, दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. स्वयंपाकघरात बँकेचं कॅलेंडर होतं, त्यावर जुन्या महिन्यांच्या पानांत प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने वीज जाण्या-येण्याच्या वेळा लिहिलेल्या. दारातला रिक्षावाला पेट्रोल भरायला निघाला की मोबाइलमधला क्यूआर कोड दाखवायचा, त्यावर आठवड्याचं ठरलेलं माप. आणि या सगळ्यात सकाळी सातला कोवळ्या फणसाची भाजी, पोळ साम्बोल म्हणजे खोबऱ्याची तिखट चटणी, गरम भात, वर माझ्या साडीची चौकशी. बाईंची आयुष्यभराची शिल्लक तिथल्या बँकेत मुदत ठेवीत होती. एक पैसा बुडाला नव्हता. फक्त २०२२च्या सप्टेंबरात महागाई सत्तर टक्क्यांच्या घरात गेली, त्यामुळे त्याच रकमेत बाजारातून पिशवी अर्धीच भरून यायला लागली. त्यांना खोल्यांच्या भाड्याने तारलं, त्यातही आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी.

भारत श्रीलंका नव्हे, एफडीला घाबरा असं माझं म्हणणं नाही. २०२२मध्ये तिथे सात लाखांच्या वर पर्यटक गेले, २०२४मध्ये वीस लाखांच्या वर, सगळ्यात जास्त आपल्याकडचे. म्हणजे थांबलेले लोकही शेवटी गेलेच. फक्त ते दोन वर्षांनी मोठे होऊन गेले. पन्नाशीत दोन वर्षांनी काही बिघडत नाही. साठीला गुडघ्यांना विचारावं लागतं, आणि क्योटोतल्या फुशिमी इनारीच्या लाल कमानी डोंगरावर पायऱ्यांनी चढत जातात.

आता सहलीपुरत्या बातम्या. नकाशा उघडा. २३ जून २०२५ला इराणने कतारमधल्या तळावर क्षेपणास्त्रं टाकली, दोह्याचं आकाश बंद झालं, तिथून विमान बदलणारे आपले कितीतरी लोक अडकले. ते युरोप-अमेरिकेकडे जाणारे किंवा तिकडून येणारे. तुम्हाला पूर्वेला जायचंय. दिल्लीहून थेट विमान आहे, नाहीतर सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँग. या वाटेत आखात येत नाही. आखाती कंपनीचं तिकीट स्वस्त पडतं म्हणून टूरवाल्याने उलट्या दिशेने नेऊन आणायचं ठरवलं असेल, तर नाही म्हणा.

रुपया गडगडला म्हणतात तो डॉलरपुढे. जपानमध्ये डॉलर चालत नाहीत. २०१२ साली १०० येनला साधारण ६६ रुपये पडायचे, तेव्हा डॉलर ५३च्या आसपास होता. जुलै २०२४मध्ये डॉलर साडेत्र्याऐंशीला गेला होता आणि १०० येन मात्र ५२ रुपयांना मिळत होते, कारण येन आपल्याहून जोरात पडला होता. डिसेंबर २०२५मध्ये रुपयाने डॉलरमागे नव्वदी ओलांडली, तरी १०० येन साठच्या आतच होते. टीव्हीवर हे कोणी सांगत नाही, कारण सांगलीत येन कोणाला लागतो! एक मात्र महागलंय : जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५० हजारांवर गेला. टूरमध्ये तो घातला असेल, तर खरंच तेवढा रेल्वे प्रवास आहे का ते तपासा. टोकियो ते क्योटो-ओसाका आणि परत एवढंच असेल, तर सुटी तिकिटं स्वस्त पडतील.

टूरवाल्याकडून बाकी तीन उत्तरं लेखी घ्या. रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती कापणार. विमा कोणाचा, त्यात आधीपासूनच्या आजारांचं काय, रक्तदाब वगैरे असेल तर लपवू नका. आणि टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या पैशांवर आगाऊ घेतला जाणारा कर, म्हणून जी रक्कम ते घेतील ती कोणाच्या पॅनवर दाखवणार. ती तुमच्या पॅनवर असेल, तर विवरणपत्रात करातून वजा होते किंवा परत मिळते. लोक हे विसरून जातात.

चेरीबद्दल माझा सल्ला तुमचा हट्ट मोडणारा आहे. टोकियो-क्योटोत ती मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फुलते, नेमकी कधी हे त्या वर्षीची थंडी ठरवते, आणि त्या दिवसांत हॉटेलं दुप्पट भाव लावतात. इतकं करून तुम्ही पोचाल तेव्हा कळ्या तरी असतील नाहीतर पाकळ्या पडलेल्या. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जा. मेपलची पानं लाल होतात, ती तीन-चार आठवडे टिकतात, पाऊस कमी, गर्दी असते पण सोसते. शिवाय नोव्हेंबरपर्यंत तुमचं पतसंस्थेचं काम बरंच मार्गी लागलेलं असेल, आणि दिवाळीनंतर यजमानांना दुकान सोडणं सोपं जाईल. जानेवारीत सुटणारी एफडी दहा महिन्यांसाठी पुन्हा लावा. त्यांचं म्हणणंही ऐकल्यासारखं होईल! पण फुलंच बघायचीत असं मन घेत असेल, तर फुलांना जा. हा काही गुंतवणुकीचा प्रश्न नाही.

राहता राहिलं जेवण. अडचण मांसाची नाही, ते दिसतं. अडचण दाशीची. हे माशाच्या कापांचं आणि समुद्री शेवाळाचं पाणी असतं, आणि ते सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात, भाजीत, कधी साध्या दिसणाऱ्या टोफूवरही असतं. वेटरला शाकाहारी म्हटलं, तर तो मांस काढून बाकी सगळं आणतो. म्हणून जपानी भाषेत एक कागद छापून घ्या : मांस, मासे, अंडी आणि माशाची दाशी नको. टोकियो आणि ओसाकात भारतीय हॉटेलं भरपूर आहेत. टोकियोच्या निशिकसाई भागात तर इतके भारतीय राहतात की २०१९मध्ये त्या एडोगावा विभागाच्या सभागृहावर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले. पण रोज पनीर खायला जपानला कशाला जायचं? एक रात्र कोयासानला काढा. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून रेल्वे जाते, शेवटी केबल कार. तिथल्या मठांत राहता येतं आणि भिक्षूंचं शोजिन र्योरी म्हणजे पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं, दाशीसुद्धा शेवाळाची आणि मशरूमची. टूरमध्ये हे नसेल तर एक रात्र वाढवून मागा. फक्त तिथे रात्रीचं जेवण साडेपाच-सहाला वाढतात आणि सकाळी प्रार्थनेला उठवतात. यजमानांना दुकान बंद करून साडेनऊला पानावर बसायची सवय असेल, तर भडंगाचा एक पुडा वेगळा बांधून घ्या.